छंग-यू: चार अक्षरांचे चिनी वाक्प्रचार – उगम, अर्थ आणि नेमका वापर

शाईदौत

चिनी लिखाणात, भाषणांत आणि शिकल्यासवरलेल्या माणसांच्या रोजच्या बोलण्यातही चार अक्षरांचे ठरीव तुकडे सतत येतात. त्यांना छंग-यू म्हणतात. म्हण, वाक्प्रचार आणि सुभाषिताचा चरण या तिघांचं काम तिथे बरेचदा एकटा छंग-यू करतो. व्याकरण जुन्या अभिजात चिनीचं असतं आणि आतला शब्द बदलता येत नाही. होडीला आजचा शब्द 'छ्वान' आहे, पण छंग-यूमध्ये जुना 'चोउ'च राहतो.

धाग्यात चिनी लिपी टाळू आणि उच्चार देवनागरीत लिहू. रोमन लिपीतल्या बी, डी, जी या अक्षरांनी फसू नका. चिनीत त्यांचे उच्चार आपल्या प, त, क सारखे आहेत, आणि पी, टी, के हे फ, थ, ख सारखे. अल्पप्राण-महाप्राणाचा हा भेद मराठी कानाला उपजतच कळतो. चिमणीतला च आणि चमच्यातला च वेगळा, हेही आपल्याला शिकवावं लागत नाही, आणि चिनीत नेमका तोच भेद आहे. चमच्यातला च इथे खाली टिंब देऊन 'च़' असा लिहितो. सूर मात्र देवनागरीत दाखवता येत नाहीत, ते कोशातूनच घ्या.

सुरुवात लढाईपासून करतो, कारण छंग-यूंची मोठी खाण तिथे आहे.

फो फू छन चोउ : फोड, हंडे, बुडव, होड्या. इ.स.पू. २०७. छिन साम्राज्याच्या सैन्याने चाओ राज्याच्या च्यू-लू नगराला वेढा घातला होता. मदतीला निघालेल्या छू राज्याच्या सैन्याचा सेनापती वाटेतच ४६ दिवस तळ ठोकून बसला. त्याच्या हाताखालच्या श्यांग यूने त्याला मारून सूत्रं हाती घेतली आणि चांग नदी ओलांडल्यावर होड्या बुडवल्या, स्वयंपाकाचे हंडे आणि वाफेवर शिजवायची मातीची भांडी फोडली, राहुट्या जाळल्या आणि प्रत्येकाजवळ तीन दिवसांचा शिधा ठेवला. सिमा छ्येनच्या इतिहासग्रंथात हे सगळं याच क्रमाने आहे. हंडे फोडण्याचा अर्थ होता की पुढचं जेवण शत्रूच्या छावणीत. नऊ चकमकी होऊन वेढा उठला.

याच लढाईने आणखी एक छंग-यू दिला. इतर राज्यांचे सेनापती मदतीला आले होते, पण आपापल्या तटबंदीवर उभे राहून नुसते बघत राहिले. च़्वो पी शांग क्वान, 'तटावरून पाहणे', आजही हात न लावता दुसऱ्याची झुंज बघणाऱ्याला म्हणतात.

---

घाटमाथा

उत्तम धागा. फो फू छन चोउ वाचताच सिंहगड आठवला. १६७० साली तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापले अशी परंपरेतली कथा आहे आणि 'परतीचे दोर कापले' हा आपला वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. मग दोन्ही एकच समजायचे का? आणि 'पाण्याकडे पाठ करून लढणे' असाही एक छंग-यू ऐकला आहे, तो याच अर्थाचा का?

---

शाईदौत

दोर कापणे आणि हंडे फोडणे बरेच जवळ आहेत, पण प्रसंगात फरक आहे. सूर्याजीने दोर कापले ते पळू लागलेल्या मावळ्यांना थोपवायला. श्यांग यूने हंडे फोडले ते लढाई सुरू होण्याआधी, ठरवून. म्हणून हा छंग-यू 'आधीच केलेल्या निश्चयाला' लागतो: मोठी परीक्षा, नवा धंदा, कंपनीची फेररचना. सोबत 'निर्धार' या अर्थाचा शब्द हमखास येतो.

तुम्ही म्हणता तो पेइ श्वेइ ई चान. इ.स.पू. २०४, चिंग-शिंगची घाटवाट, सेनापती हान शिन. त्याने १०,००० माणसं पुढे पाठवून नदीकडे पाठ करून उभी केली. ते बघून चाओचं सैन्य हसलं, कारण असा व्यूह कोणी रचत नाही. पण त्याने आदल्या रात्रीच २,००० हलके घोडेस्वार, प्रत्येकाच्या हाती एक लाल निशाण देऊन, डोंगरात लपवले होते. चाओचं सैन्य पाठलागाच्या भरात छावणी रिकामी टाकून बाहेर पडलं, तसे स्वार आत शिरले आणि शत्रूची निशाणं उपटून आपली २,००० लावली. नदीकाठची माणसं मागे जागाच नसल्याने हटली नाहीत, आणि परतलेल्या चाओ सैन्याने आपल्याच छावणीवर लाल निशाणं पाहून धीर सोडला.

नंतर सरदारांनी विचारलं तेव्हा हान शिनने सांगितलं की आपली माणसं कसलेली नाहीत, बाजारातून हाकत आणल्यासारखी आहेत. पळायला वाट ठेवली असती तर सगळी पळाली असती. वापरातला फरक असा: हंडे फोडणारा स्वतःच्या मर्जीने वाट बंद करतो, पेइ श्वेइ ई चानमध्ये दुसरी वाटच उरलेली नसते. साखळी सामन्यांत शेवटचा सामना जिंकला नाही तर संघ बाहेर, अशा बातमीच्या मथळ्यात हा दुसरा चालतो.

---

रानजाई

माझा प्रश्न वांग यांग पू लाओ बद्दल. शब्दशः 'मेंढी गेली, गोठा दुरुस्त'. एका यादीत याला समांतर मराठी म्हण म्हणून 'बैल गेला नि झोपा केला' दिली आहे. चित्र तर हुबेहूब तेच आहे. चालेल ना?

---

ओळंबा

नाही चालणार. अर्थ अगदी उलट आहे. मराठी माणूस सर्वांत जास्त इथेच फसतो, म्हणून जरा सविस्तर.

हे 'लढणाऱ्या राज्यांच्या मसलती' या जुन्या संग्रहातल्या छू विभागात येतं. च्वांग शिन नावाच्या मंत्र्याने छूच्या राजाला बजावलं की चैनीत रमलात तर राज्य जाईल. राजाने त्यालाच वेड्यात काढलं. तो चाओ राज्यात निघून गेला. पाचेक महिन्यांत छिनने राजधानी यिंग घेतली (इ.स.पू. २७८) आणि राजा पळाला. मग त्याने च्वांग शिनला परत बोलावून विचारलं, आता काय करू? त्यावर तो म्हणाला: ससा दिसल्यावर कुत्र्याला हाक मारली तरी उशीर झालेला नसतो, मेंढी गेल्यावर कोंडवाडा दुरुस्त केला तरी उशीर झालेला नसतो.

म्हणजे हे धीर देणारं वाक्य आहे. एक मेंढी गेली, बाकीच्या आहेत. भोक आज बुजवलं तर त्या वाचतील. चिनी माणूस आजही त्यापुढे 'वेइ वेइ वान ये', उशीर झालेला नाही, हा मूळ संवादातला तुकडा जोडतो. आपल्या म्हणीत बैल एकच आहे, तो गेला, म्हणजे झोपा बांधणं वाया. चिनी सहकाऱ्याने चूक सुधारल्यावर तुम्ही 'वांग यांग पू लाओ' म्हणालात तर त्याला ते उत्तेजन वाटेल. तुम्हाला टोमणा मारायचा असेल, तर तो पोचणारच नाही.

'लाओ' या अक्षराचा आजचा पहिला अर्थ तुरुंग आहे. इथे जुना अर्थ, गुरांचा कोंडवाडा. आजच्या अर्थाने जुना छंग-यू फोडायचा नाही, हा पहिला नियम.

---

रानजाई

धन्यवाद. म्हणजे चित्रावरून अर्थ काढायचा नाही. कोणी कोणाला काय प्रसंगी म्हटलं ते बघायचं.

---

ओळंबा

बरोबर. आणखी एक उदाहरण: ह्वा श थ्येन च़ू, सापाला पाय काढणे. गोष्ट सगळ्यांना माहीत असते. यजमानाने नोकरांना मद्याचा एकच प्याला दिला. सगळ्यांना पुरणार नाही, एकाला भरपूर होईल. म्हणून ठरलं, जमिनीवर साप काढायचा, ज्याचा आधी होईल त्याचा प्याला. एकाचा आधी झाला. त्याने डाव्या हातात प्याला धरला आणि उजव्या हाताने 'मला पायसुद्धा काढता येतात' म्हणत पाय काढू लागला. तोवर दुसऱ्याचा साप पुरा झाला. त्याने प्याला हिसकावला: सापाला पाय नसतात, तुझा हा साप नव्हेच.

ही गोष्ट सांगितली छन चन या मुत्सद्द्याने, छूचा सेनापती चाओ यांगला. चाओ यांगने वेइ राज्याचा पराभव करून आठ शहरं घेतली होती आणि आता छी राज्यावर चालून जात होता. छन चनचा मुद्दा: तुम्हाला मिळण्यासारखं सर्वोच्च पद जवळजवळ मिळालंच आहे, आणखी एक विजय त्यात भर घालणार नाही, पराभव मात्र सगळं घालवेल. चाओ यांग परत फिरला. म्हणून या छंग-यूत नुसतं 'जास्तीचं' येत नाही. भर घातल्यामुळे हातचं जाणं, हा त्याचा गाभा आहे. निरुपद्रवी जादा गोष्टीला तो लावू नये.

---

तिसरा_मजला

लढायांकडून जरा वेगळ्या वाटेला जाऊ. चिनीत असे बरेच छंग-यू आहेत जे मुळात भारतातून, बौद्ध सूत्रांच्या भाषांतरातून गेले. मराठी वाचकाला ते ओळखीचे वाटतील.

थान ह्वा ई श्येन, 'थान फूल एकदा दिसते'. हे 'थान' म्हणजे काय? 'योउ-थान-पो' या लिप्यंतराचा मधला तुकडा. आणि योउ-थान-पो म्हणजे संस्कृत उदुंबर, आपला उंबर. भाषांतरकार कुमारजीवाने इ.स. ४०६ मध्ये छांगआन नगरात केलेल्या सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या भाषांतरात बुद्ध म्हणतो की असा धर्म तथागत क्वचितच सांगतात, उदुंबराचं फूल क्वचितच दिसावं तसा. उंबराची फुलं फळाच्या आत असतात, बाहेरून दिसतच नाहीत. म्हणून आपल्याकडेही महिनोन्‌महिने तोंड न दाखवणाऱ्याला 'अगदी उंबराचं फूल झालास' म्हणतात. मूळ कल्पना दोन्हीकडे एकच: दुर्मिळ.

पण चिनीत अर्थ सरकला. आज थान ह्वा ई श्येन म्हणजे क्षणभर चमकून नाहीसं होणारं. एका चित्रपटापुरता गाजलेला नट, दोन वर्षांत बुडालेली कंपनी, अल्पायुषी राजवट. 'दुर्मिळ' या अर्थी वापरलात तर चूक धरतील. या सरकण्याला हातभार लावणारं एक झुडूप आहे. मध्य अमेरिकेतून आलेल्या, रात्री फुलणाऱ्या एका निवडुंगाला चीनमध्ये 'थान ह्वा' हे नाव मिळालं. पांढरं मोठं सुवासिक फूल अंधार पडल्यावर उघडतं आणि पहाटेच्या आत मिटतं. हे झाड तुमच्या ओळखीचं आहे: महाराष्ट्रात गच्चीत, अंगणात 'ब्रह्मकमळ' म्हणून लावतात तेच. (हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळ्या कुळातलं.) म्हणजे चिनी माणसाने त्याला उंबराचं नाव दिलं आणि आपण ब्रह्मदेवाच्या कमळाचं.

---

घाटमाथा

ब्रह्मकमळाचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली. आंधळे आणि हत्तीही इथूनच गेले का?

---

तिसरा_मजला

हो. मांग रन मो श्यांग, 'आंधळे हत्ती चाचपतात'. पाली उदानात ही कथा आहेच, चिनीत ती प्रामुख्याने महापरिनिर्वाण सूत्रातून रुजली. धर्मक्षेमाचं भाषांतर, इ.स. ४२१. त्यातल्या उपमा वाचण्यासारख्या आहेत. सुळा चाचपणारा म्हणतो मुळा, कान चाचपणारा म्हणतो सूप, डोकं म्हणजे दगड, सोंड म्हणजे मुसळ, पाय म्हणजे उखळ, पाठ म्हणजे पलंग, पोट म्हणजे रांजण आणि शेपूट म्हणजे दोर. सूप, मुसळ, उखळ, रांजण. मराठी घरात यातलं काहीच परकं नाही.

वापराबाबत एकच इशारा: हा छंग-यू निंदेचा आहे. 'प्रत्येकाला सत्याचा एकेक अंश दिसतो' असा सौम्य, समन्वयाचा अर्थ आपल्याकडे सांगितला जातो. चिनीत तो 'अर्धवट माहितीवर ठाम मत देणे' असा दोषारोप आहे.

बाकी भराभर. हंग ह शा शू, 'गंगेच्या वाळूइतके', अगणित. वज्रच्छेदिका सूत्रामुळे रूढ झाला. 'हंग ह' म्हणजे गंगा. वू थी थोउ ती, 'पाच अंगे जमिनीला', दोन गुडघे, दोन कोपरं आणि कपाळ. ह्युएन त्संग पुलकेशी दुसऱ्याच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. त्याने भारतीयांच्या आदर दाखवण्याच्या नऊ पायऱ्या नोंदवल्या आहेत आणि नववी, सर्वांत वरची, ही आहे. आज प्रत्यक्ष नमस्काराशी संबंध उरलेला नाही. 'तुमच्या कामापुढे साष्टांग दंडवत' म्हणतो त्या अर्थी वापरतात, आणि अर्थ खरंच कौतुकाचा असतो.

---

नदीकाठ२

बेडकाचं राहिलं. चिंग ती च वा, 'विहिरीच्या तळचा बेडूक', हाही कूपमंडूक म्हणून इकडूनच गेला असणार.

---

तिसरा_मजला

नाही. तो प्राचीन तत्त्वज्ञ च्वांग-च़च्या ग्रंथातल्या 'शरदातले पूर' या अध्यायातला आहे आणि बौद्ध धर्म चीनमध्ये पोचण्याच्या बऱ्याच आधीचा. बेडूक पूर्व समुद्राच्या कासवाला आपल्या मोडक्या विहिरीचं वैभव सांगतो आणि आत यायचं निमंत्रण देतो. कासवाचा डावा पाय आत जातो न जातो तोच उजवा गुडघा अडकतो. मग ते मागे सरून समुद्राचं वर्णन करतं: राजा यूच्या काळी दहा वर्षांत नऊ महापूर आले, पाणी वाढलं नाही, राजा थांगच्या काळी आठ वर्षांत सात दुष्काळ पडले, किनारा हटला नाही. सारखेपणा दिसला की लगेच नातं लावायचं नाही. ग्रंथ कोणता आणि कधीचा, ते आधी पाहायचं.

---

ओळंबा

आता वापराचं व्याकरण. यात मार्क जातात आणि ऐकणाराही गोंधळतो.

बहुतेक छंग-यू कर्म घेत नाहीत. मो पू क्वान शिन, 'जराही फिकीर नसणे'. 'तो अभ्यासाला मो पू क्वान शिन' असं थेट कर्म पुढे ठेवून म्हणता येत नाही. आधी 'त्वेइ' (च्या बाबतीत) घालून अभ्यास पुढे आणायचा, छंग-यू शेवटी. छंग-यूपुढे 'हन' (खूप) लावायचं नाही. तीव्रता त्याच्या आतच असते.

काही छंग-यू ठरावीक माणसांना, वस्तूंनाच लागतात. श्यांग चिंग रू पिन, 'एकमेकांना पाहुण्यासारखा मान देणे', फक्त नवरा-बायकोला. दोन मित्रांना म्हटलंत तर ऐकणारा चमकेल. तोउ खोउ न्येन ह्वा, वेलदोड्याच्या जातीच्या फुलावरून, फक्त तेराच्या आसपासच्या मुलींना, कारण कवी तू मूच्या कवितेत तेच वय आहे. हान न्योउ छोंग तोंग, 'बैल घामाघूम, घर आढ्यापर्यंत भरलेले', फक्त पुस्तकांना. धान्याच्या गोदामाला नाही.

त्याहून नाजूक भाग नम्रतेचा. फाओ च्वान यिन यू, 'वीट टाकून जेड काढून घेणे': माझं बोलणं विटेसारखं, त्यावरून तुमची रत्नं बाहेर येवोत. हे स्वतःच्या बोलण्याबद्दलच म्हणायचं. 'आता सरांनी वीट टाकावी' म्हटलंत तर सरांचा अपमान. तसंच फंग पी शंग ह्वेइ, 'गवताच्या झोपडीत उजेड पडला'. 'आमच्या झोपडीला आपले पाय लागले' आपण जसं फक्त स्वतःच्या घराबद्दल म्हणतो तसंच. पाहुण्याने यजमानाच्या घराबद्दल म्हणायचं नाही.

आणि एका अक्षराने घात होतो. वू वेइ पू च म्हणजे बारीकसारीक गोष्टीतही काळजी घेणे, स्तुती. वू स्वो पू च म्हणजे कुठल्याही थराला जाणे, बहुधा दुष्कृत्यांबद्दल. नर्सबाईंचे आभार मानताना दुसरं लिहू नका.

---

रानजाई

चिनी लोक स्वतः चुकतात असे छंग-यू कोणते? परीक्षेत तेच विचारतात असं ऐकलं आहे.

---

शाईदौत

बरेच आहेत. मला सर्वांत आवडणारा छी युए ल्योउ ह्वो, 'सातव्या महिन्यात आग सरकते'. जुलैची काहिली समजून बातम्यांत सर्रास वापरतात. मूळ ओळ 'काव्यसंहिता' या प्राचीन गीतसंग्रहातल्या पिन प्रदेशाच्या गीतात आहे. तिथे 'ह्वो' ही आग नव्हे, 'ता ह्वो' हा लालसर तारा आहे, म्हणजे आपला ज्येष्ठा नक्षत्राचा तारा. 'ल्योउ' म्हणजे तो पश्चिमेकडे कलतो. अधिक महिन्याचा फरक सोडला तर चिनी सातवा महिना साधारण आपल्या श्रावणाशी जुळतो. संध्याकाळी ज्येष्ठा दक्षिणेकडून पश्चिमेला उतरू लागली की थंडी जवळ आली. पुढचीच ओळ सांगते की नवव्या महिन्यात कपडे वाटतात. म्हणजे हे गारव्याचं वाक्य आहे.

छा छ्यांग रन ई. 'छा' चा आजचा ओळखीचा अर्थ 'वाईट', म्हणून लोक 'असमाधानकारक' असा घेतात. इथे 'छा' म्हणजे 'बऱ्यापैकी'. उत्तर हान इतिहासात सम्राट क्वांग-वू सेनापती वू हानबद्दल असं म्हणतो: लढाई बिघडून बाकीचे सरदार घाबरले असताना हा शांतपणे शस्त्रं दुरुस्त करत होता. अर्थ, 'बऱ्यापैकी मनाजोगता'. पूर्ण समाधानालाही तो लावायचा नाही.

वान रन खोंग श्यांग, 'दहा हजार माणसे, गल्ल्या रिकाम्या'. सगळे घरात टीव्हीपुढे, रस्ते ओस, असा चुकीचा वापर फार होतो. खरा अर्थ, गल्लीबोळांतली सगळी माणसं बाहेर मुख्य रस्त्यावर लोटली. आपण 'अख्खा गाव लोटला' म्हणतो ते.

ताइ र्वो मू ची, 'लाकडी कोंबड्यासारखा स्तब्ध'. यात चूक नाही, अर्थच फिरला आहे. आज म्हणजे भीतीने वा आश्चर्याने थिजलेला. च्वांग-च़कडे तीच परमस्तुती होती. ची शंग-च़ राजासाठी झुंजीचा कोंबडा तयार करत होता. दहा दिवसांनी राजा विचारतो, झाला का? नाही, अजून पोकळ ताठा आहे. आणखी दहा: अजून सावली नि आवाजाला दचकून उठतो. आणखी दहा: अजून नजरेत राग आहे. आणखी दहा: आता झाला. दुसरा कोंबडा आरवला तरी याच्यात फरक पडत नाही, लांबून लाकडाचा वाटतो, बाकीचे तोंड न देता पळतात.

कोंबड्यांच्या झुंजीचाच आणखी एक, लेखनाच्या चुकीसाठी प्रसिद्ध: च़ाइ च्ये च़ाइ ली, पुन्हा भिडण्याआधी पुन्हा चोच परजणे. शेवटचं 'ली' धार लावण्याचं आहे. लोक त्याच उच्चाराचं 'उत्तेजन' या अर्थाचं 'ली' लिहितात, कारण आजचा अर्थ 'आणखी जोमाने चालू ठेवा' असा आहे. चोच डोळ्यांपुढे ठेवली की चूक होत नाही.

---

नदीकाठ२

चार अक्षरं दिसली की ते हजारो वर्षांपूर्वीचं, असं धरायला हरकत नाही ना?

---

शाईदौत

आहे. ई श अर न्याओ, 'एक दगड दोन पक्षी', हे इंग्रजीवरून आलेलं आहे. जुना देशी तुकडा ई च्येन श्वांग त्याओ, 'एक बाण दोन गरुड'. मांसाच्या तुकड्यासाठी भांडणारे दोन पक्षी चांगसुन शंग या दूताने एकाच बाणाने पाडले, ती सुई राजवटीच्या थोडी आधीची गोष्ट.

खऱ्या जुन्या गोष्टींवरही वाक्य पुष्कळदा मागाहून चढलेलं असतं. च शांग थान पिंग, 'कागदावर युद्धाच्या गप्पा', हे चाओ ख्वोबद्दल सांगतात. पुस्तकं पाठ असलेला हा सेनापती इ.स.पू. २६० मध्ये छांग-फिंगला सारं सैन्य घालवून बसला. त्या काळी कागदच नव्हता, लिहायचे ते बांबूच्या पट्ट्यांवर. सिमा छ्येन प्रसंग सांगतो, पण हे चार शब्द त्याचे नाहीत.

वो शिन छांग तान, 'लाकूडफाट्यावर झोपणे, पित्त चाखणे', तसंच. युए राज्याचा राजा कोउ-च्येन इ.स.पू. ४९४ मध्ये वू राज्याकडून हरला, अपमान विसरू नये म्हणून जवळ पित्ताशय ठेवून त्याची कडू चव घेत राहिला आणि इ.स.पू. ४७३ मध्ये त्याने वू बुडवलं. पित्त सिमा छ्येनकडे आहे. लाकूडफाट्यावर झोपणं, म्हणजे 'वो शिन', तिथे नाही. दोन्ही एकत्र सुंग काळात, लेखक सू शच्या लेखनात दिसतात. जपानमध्ये हाच तुकडा १८९५ साली घोषवाक्य झाला, रशिया, फ्रान्स आणि जर्मनीच्या दडपणाखाली ल्याओतुंग द्वीपकल्प सोडावं लागलं तेव्हा.

---

घाटमाथा

जाहिरातींत मुद्दाम अक्षर बदललेले छंग-यू दिसतात. ते चालतं?

---

ओळंबा

नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या चिनी सरकारी खात्याने रेडिओ-टीव्ही आणि त्यावरच्या जाहिरातींत तसं करायला मनाई केली. त्यात दिलेली उदाहरणं बोलकी होती. 'ख पू रोंग ह्वान' म्हणजे क्षणाचाही विलंब न चालणे. खोकल्याच्या औषधवाल्यांनी पहिलं 'ख' बदलून त्याच उच्चाराचं 'खोकला' घातलं. शान-शी प्रांताच्या पर्यटन जाहिरातीने 'चिन शान चिन मेइ' (सर्वांगसुंदर) यातलं 'चिन' बदलून प्रांताचं जुनं नाव 'चिन' बसवलं. कारण दिलं होतं ते मुलांचं: लहान वयात चुकीचं अक्षर डोळ्यांत बसलं की जात नाही. च़ाइ च्ये च़ाइ लीचे हाल पाहता त्या कारणात तथ्य आहे, मात्र सरसकट मनाईने भाषेतला खेळकरपणाही जातो, आणि तो चिनी लोकांना मनापासून आवडतो.

---

रानजाई

शेवटचं एक. पाठ करायचे तर कुठून सुरुवात करावी? यादी अ ते ज्ञ करणं निरर्थक वाटतं.

---

ओळंबा

यादी नकोच. एका गोष्टीचे किंवा एका माणसाचे छंग-यू एकत्र घ्या. श्यांग यूचे धरा: फो फू छन चोउ, तटावरून पाहणे, आणि इ.स.पू. २०२ मध्ये काइ-श्याला वेढला गेला तो स म्येन छू क, 'चारी बाजूंनी छूची गाणी'. रात्री शत्रूच्या छावणीतून आपल्याच मुलखाची गाणी ऐकू आली आणि त्याला वाटलं, सगळा छू त्यांनी घेतला की काय. ही तिन्ही त्याच्या उदयापासून अंतापर्यंत जातात, आणि गोष्ट आठवली की शब्द येतात. चाओ राज्याचे हवे असतील तर त्याची राजधानी हान-तान घ्या; त्या एका शहराभोवती इतके छंग-यू आहेत की त्यातल्याच एकावरून तिथल्या एका पुलाचं नावच 'चाल शिकण्याचा पूल' आहे.

प्रत्येकाची नोंद करताना आधी दोन-दोन अक्षरांत फोडा. फो फू | छन चोउ मध्ये दोन्ही जोड्या क्रियापद-कर्म आहेत, ह्वा श | थ्येन च़ू मध्येही. चिंग ती | च वा मध्ये 'च' म्हणजे 'चा', म्हणून अख्खं नाम होतं, आणि ते 'आहे' बरोबर वापरता येतं. मग कोशातून आजच्या भाषेपेक्षा वेगळा अर्थ असलेलं अक्षर वेगळं लिहा: लाओ, छा, ह्वो. पुढे स्तुती की निंदा, कोणाला लागतो, स्वतःबद्दल की दुसऱ्याबद्दल. शेवटी कोशातलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवा, आपण बनवलेलं नको, कारण 'त्वेइ' लागतो की नाही हे त्यातूनच कळतं. उजळणीला छंग-यू च्ये लोंगचा खेळ खेळा: मागच्याच्या शेवटच्या अक्षराने पुढचा सुरू करायचा. 'ह्वा श थ्येन च़ू' नंतर च़ू च तुओ मोउ (चतुर, युक्तिबाज) लागतो. सुरुवातीला उच्चार सारखा असला तरी चालवून घेतात. मुरलेले खेळाडू अक्षरच सारखं लागेल असं बजावतात.